मीनिंगबाई

आमच्या शाळेत इंग्रजीच्या बाईंना मुलं ‘मीनिंगबाई’ म्हणतात, आणि ह्या बाईंनी आजतागायत एकाही मुलाला एकाही शब्दाचं मीनिंग सरळ सांगितलेलं नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, त्यातलाच प्रकार. मला ह्या बाई फार आवडतात हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा कुणी ठेवायला नको. आवडतात म्हणून त्या त्रास देत नाहीत असं मात्र नाही.

त्रास असा, की त्यांचा सातवीचा वर्ग आणि माझा गणिताचा वर्ग ह्यांच्या मध्ये भिंत नाही, प्लायवूडचं पार्टिशन आहे. कधीतरी ‘तात्पुरतं’ म्हणून ते उभं केलं आणि आता शाळेत सगळ्यात टिकाऊ गोष्ट तीच आहे. वर छतापर्यंत हातभर जागा मोकळी. तिथून पलीकडचा आवाज येतो, खडूचे तुकडे येतात, एकदा तर चप्पल आली. मी इकडे फळ्यावर भागाकार मांडायचा, ‘भाजक’ म्हणायचा, आणि पलीकडून चाळीस पोरं एका दमात ओरडायची, “कुठे भेटला?”

हा बाईंचा प्रश्न. धड्यात नवीन शब्द आला, की बाई तो फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहितात, हात झटकतात आणि विचारतात, “हा कुणाला कुठे भेटलाय का?” जसा काही शब्द म्हणजे नात्यातला माणूस आहे आणि लग्नात कुणाच्या तरी पंक्तीला जेवून गेलाय. मग, “कुणाबरोबर होता? काय करत होता?” बाईंचं म्हणणं असं, की निम्मी इंग्रजी आपल्या घरात आधीच भाडेकरू म्हणून राहते आहे. भाडंही देत नाही, पण राहते. ती आधी ओळखा, मग बाहेरची बघू.

आणि पोरं शब्द घेऊन यायची. कोण काय आणील ह्याचा भरवसा नाही. एकदा धड्यात कोवळ्या पानाला ‘टेंडर’ म्हटलं होतं. एक मुलगा तडक उभा. “बाई, माझ्या काकांचं टेंडर पास झालं! रस्त्याचं!” दुसरा कुणी असता तर त्याला खाली बसवला असता. बाई म्हणाल्या, “वा! काकांना माझ्याकडून अभिनंदन सांग.” मग खिडकीतल्या कुंडीतलं एक नुकतं उमललेलं पान त्यांनी अलगद खुडलं आणि वर्गभर हातोहात फिरवलं. “हेही टेंडर. ह्याच्यावर साहेबाची सही लागत नाही. जोरात धरलंत तर मात्र खराब होतं.” पान शेवटच्या बाकापर्यंत शाबूत गेलं. माझ्या वर्गातली निम्मी पोरं तोवर बाकावर उभी राहून पार्टिशनवरून डोकावत होती.

मिस्टर ग्रीन नावाच्या पोस्टमनचा एक धडा आहे. त्या धड्याने तर माझा एक आख्खा तास खाल्ला. पहिल्याच ओळीला एका मुलीने विचारलं, “कुणाचे मिस्टर, बाई?” तिचं काय चुकलं? आपल्याकडे मिस्टर हा कुणाचा तरीच असतो. दुसऱ्या ओळीत पोस्टमनला सकाळी डिलिव्हरी होती, त्यावर वर्ग जो फुटला तो शांतच होईना. “बाई, पोस्टमनची डिलिव्हरी कशी होईल?” बाई स्वतःच डोळे पुसत होत्या. ‘कझिन’च्या वेळी तर पोरं चक्क इंग्रजांवर चिडली. मामेभाऊ, चुलतभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ, सगळ्यांना मिळून एकच शब्द? “मग बाई, मानपान कसा करतात?” “करतच नसतील,” दुसरा म्हणाला, “म्हणून तर एक शब्द पुरतो.” मी इकडे खडू खाली ठेवून हसत होतो, आणि माझ्या हजेरीपटावरच्या मुलांना वाटत होतं की सरांना लसावि फारच आवडतो.

मी गणिताचा माणूस. दोन आणि दोन चार, घरीही चार आणि दवाखान्यातही चार. बाईंना मी कितीदा तरी म्हणालो, “अहो बाई, एकदाचा अर्थ सांगून मोकळ्या का होत नाही? ‘म्हणजे’ म्हणायचं आणि सांगायचं.” त्या हसून म्हणायच्या, “मास्तर, ‘म्हणजे’ हा फार फसवा शब्द आहे. एका दाराने आत घेतो आणि बाकीची दारं लावून टाकतो.” मला हे तेव्हा नुसतं बोलणं वाटायचं. भाषावाल्यांना अशी वाक्यं सुचतात, आपण मान डोलवायची.

एक गोष्ट मात्र माझ्या कानांनी टिपली होती. दरवर्षी एका ठरावीक धड्याशी आल्या की पलीकडचा दंगा थांबायचा. शब्द होता ‘सिरियस’. साधा, रोजच्या वापरातला. पण त्यावर बाई दोन-दोन तास घालवायच्या, आवाज न चढवता, एकेका मुलाला उभं करून. त्या दिवसांत त्या डबाही नीट खायच्या नाहीत. मी विचारलं नाही. पार्टिशनवरून ऐकू येतं ते सगळंच आपल्याला सांगितलेलं नसतं.

ह्या वर्षी शाळेत नवे हेडसर आले. माणूस वाईट नाही, फक्त नीटनेटकेपणाचं वेड आहे. प्रत्येक वर्गाबाहेर त्यांनी एक फळा लावला. रोज दहा इंग्रजी शब्द, समोर मराठी अर्थ, मध्ये एक आडवी रेघ. पाठ करा, पुसा, पुढचे दहा. “एक शब्द, एक अर्थ,” ते म्हणायचे, “की गोंधळ खलास.” बाईंच्या वर्गाबाहेरचा फळा आठवड्याभरात वेगळाच दिसायला लागला. रेघेच्या पलीकडे अर्थाच्या जागी पोरांनी आपापलं लिहिलं होतं. ‘नर्व्हस’च्या पुढे ‘माझी आत्या, फोन वाजला की’. ‘पेशन्स’च्या पुढे ‘आईला नाही’. त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात, ‘माझ्या आईला पण’.

हेडसरांनी शब्दार्थांची चाचणी घेतली. सातवीने तिथेही हेच दिवे लावले. हेडसरांनी बाईंना बोलावलं आणि स्वच्छ सांगितलं, की असंच चालणार असेल तर सातवी नव्या मॅडमकडे जाईल आणि बाईंनी उरलेली वर्षं ऑफिसात दाखले आणि पुस्तकांची कपाटं बघावीत. “मानाचं काम आहे,” असंही म्हणाले. बाई स्टाफरूममध्ये येऊन बसल्या आणि कपात चहा तसाच गार होऊ दिला. “मास्तर,” त्या म्हणाल्या, “वर्ग गेला तर मी काय करू हो? मला दुसरं काही येतच नाही.” त्यांना मूलबाळ नाही, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. सातवी म्हणजे सातवी होती आणि घरही होतं. मला हेडसरांचा राग आला आणि बाईंचाही आला. म्हटलं, “चार दिवस पोरांकडून अर्थ घोकून घ्या ना! काय जातंय?” त्या म्हणाल्या, “जातं.” एवढंच.

आणि त्यातच ते निरोपाचं प्रकरण झालं.

सातवीत एक मुलगी आहे, तिला सगळे ‘आजीबाई’ म्हणतात. इतकी गंभीर मुलगी मी पाहिलेली नाही. विनोद सांगितला तर आधी तो तपासून घेते, मग हसायचं का ते ठरवते. वर्गाबाहेरच्या फळ्यावर रोज न चुकता तारीख घालणारी तीच. तिची धाकटी बहीण पहिलीत, चिमणी. पुढचे दोन दात पडलेले, आणि पायाला भिंगरी. मधल्या सुट्टीत ती जेवायला घरी पळते, कारण घर शाळेच्या मागच्याच गल्लीत आहे. त्यांची आई शिवणकाम करते. खाली दुकान, वर राहायची खोली.

त्या दिवशी हेडसर पटांगणात उभे होते. चिमणी समोरून धावत चालली होती. तिला अडवून त्यांनी कौतुकाने म्हटलं, “तू तिची बहीण ना? तुझी ताई फार सिरियस आहे, बरं का. सांग आईला, सरांनी सांगितलंय म्हणून.” चांगल्या मनाने म्हणाले बिचारे. फळ्यावर तारीख घालणारी मुलगी त्यांना आवडणारच.

चिमणीने तो निरोप धावता धावता नेला आणि दारातूनच ओरडली, “आई, शाळेत ताई सिरियस आहे! सरांनी सांगितलंय!”

पहिलीची मधली सुट्टी आमच्यानंतर असते, त्यामुळे आमचे तास सुरू झाले होते. जिन्यावर कुणीतरी अनवाणी धावत आल्याचा आवाज आला. पाठोपाठ पलीकडच्या वर्गाचं दार धाडकन भिंतीवर आपटलं आणि एक बाई किंचाळली, “कुठाय माझी पोर? कुठाय?” मी बाहेर आलो. चिमणीची आई, शिवणवाल्या ताई, दारात उभ्या. गळ्यात मापाची टेप, बोटात अंगुस्तान तसंच, खांद्यावर दोऱ्याचे तुकडे, पायात काही नाही. आजीबाई फळ्यापाशी खडू हातात घेऊन ठणठणीत उभी होती. आईने तिचं कपाळ चाचपलं, हात चाचपले, पोट चाचपलं. मग पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच छातीशी धरून रडायला लागली. “काय झालं होतं गं तुला? काय झालं होतं?”

“मला काही नाही झालं,” आजीबाई गुदमरून म्हणाली. “मी क्रियापद लिहीत होते.”

तोवर चिमणी धापा टाकत मागून आली. सगळा उलगडा झाला आणि वर्ग हसत सुटला. खोटं कशाला बोलू, मलाही हसू आलं. पण मी बाईंकडे पाहिलं आणि माझं हसू जागच्या जागी राहिलं. बाई फळ्याला टेकून उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.

“गप्प,” त्या म्हणाल्या. मोठ्याने नाही, पण चाळीस पोरं गप्प झाली. बाईंनी ताईंना पाणी दिलं आणि म्हणाल्या, “इतक्यात जिना उतरू नका. अनवाणी धावत आलायत तुम्ही. बसा जरा मागच्या बाकावर.” ताई मागच्या बाकावर बसल्या, मांडीवर चिमणी. बाईंनी फळा पुसला आणि त्यावर तो शब्द लिहिला. माझा वर्ग माझी वाट बघत होता. बघू दे म्हटलं.

“ताई,” बाई म्हणाल्या, “हा तुम्हाला कुठे भेटला?”

ताईंनी पदराने तोंड पुसलं. “दवाखान्यात. गेल्या वर्षी आईला ठेवलं होतं. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, पेशंट सिरियस आहे. मग दोन दिवसांनी ऑफ झाली.” त्यांनी मांडीवरच्या चिमणीला जवळ ओढलं. “आमच्या घरात हा शब्द एकदाच आला होता, बाई. येऊन आईला घेऊन गेला. आज परत आला, मला वाटलं पोरीला न्यायला आला.”

बाईंनी मुलांकडे वळून विचारलं, “आणखी कुणाला भेटलाय? आणखी कुठे?”

एक हात वर झाला. “बाबा बातम्या बघतात तेव्हा त्यांच्या तोंडावर.” दुसरा म्हणाला, “दादा म्हणतो, आता मी अभ्यासाचं सिरियस घेणार. दर सोमवारी म्हणतो.” तिसरी म्हणाली, “काका म्हणतात, चेष्टा नाही, सिरियसली सांगतोय.” मग आजीबाई उभी राहिली. “मला सगळे म्हणतात, सिरियस आहेस.”

“म्हणजे तू आजारी आहेस का?”

“नाही बाई.” तिने नेहमीप्रमाणे विचार केला. “मी करते ते मनापासून करते.”

मागच्या बाकावरून ताई एकदम म्हणाल्या, “मग मेल्यांनी दोन्हीला एकच शब्द कशाला ठेवला? मरायला टेकलेल्यालाही तोच आणि अभ्यास करणारीलाही तोच?”

बाईंनी फळ्यावरच्या शब्दाखाली खडूने एक रेघ ओढली. मग म्हणाल्या, “दोन्हीकडे माणसाला हलक्यात घ्यायचं नसतं. म्हणून असेल.”

हे त्या मुलांना म्हणाल्या, ताईंना म्हणाल्या, की स्वतःलाच, मला कळलं नाही. तासाची घंटा होईपर्यंत ताई तिथेच बसून होत्या. जाताना त्यांचा चेहरा उतरलेला नव्हता. उलट बाईंनी त्यांच्याकडूनच कॉलर, लूज, टाईट, फिटिंग, अल्टर असे पाच शब्द वर्गासाठी काढून घेतले होते, आणि आपल्याला इतकं इंग्रजी येतं हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

हेडसरांना प्रकार कळला तेव्हा ते ओशाळले. ओशाळलेला माणूस दोनच गोष्टी करतो, माफी मागतो किंवा रागावतो. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. “हे घरोघरचे शब्द गोळा करण्याचं फॅड आहे ना, त्याचाच हा परिणाम,” ते म्हणाले. “उद्या कुणाला झटका येईल.” नाचता येईना अंगण वाकडं. निरोप त्यांचा, जीभ त्यांची, आणि अंगण बाईंचं. शनिवारी पालकसभा होती. सातवी नव्या मॅडमकडे देत असल्याचं त्या सभेत जाहीर करायचं त्यांनी ठरवून टाकलं.

मी तावातावाने स्टाफरूममध्ये आलो. म्हटलं, “बाई, तोंड उघडा! निरोप त्यांनी दिला होता हे सभेत सांगा. नाहीतर मी सांगतो.” बाई खिडकीशी बसल्या होत्या. म्हणाल्या, “कुणी दिला ते राहू द्या, मास्तर. तो शब्द कुणाच्याही तोंडून येतो.” आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी मला ते सांगितलं.

त्या तेव्हा आजीबाईपेक्षाही लहान होत्या. सुट्टीला मावशीकडे गेलेल्या. वडील मालट्रक चालवायचे. मोठ्याने हसणारा माणूस, गल्लीच्या तोंडाशी हसला तर घरात कळायचं की जेवायला वाढा. सुट्टीला निघण्याआधी बाईंच्या हातून वडिलांचं मनगटी घड्याळ पाण्याच्या बादलीत पडलं होतं आणि त्यांनी ते गुपचूप पुसून पुन्हा खुंटीला अडकवलं होतं. एका दुपारी मावशी कामावर गेली असताना शेजारच्या काकू दारात आल्या. फोन त्यांच्याकडेच होता. म्हणाल्या, “मावशी आली की सांग हं बाळ, तुझे बाबा सिरियस आहेत. लगेच बोलावलंय.” आणि घाईने निघून गेल्या.

“मला तो शब्द येत होता, मास्तर,” बाई म्हणाल्या. “शाळेत नुकताच पाठ केला होता. सिरियस म्हणजे गंभीर. आणि गंभीर म्हणजे काय, तर जो हसत नाही तो. असं आमच्या मास्तरांनी सांगितलं होतं. माझे बाबा हसत नाहीयेत, मला लगेच बोलावलंय. मला वाटलं, घड्याळाचं कळलं. रागावलेत. मी मावशीला सांगितलंच नाही. म्हटलं, उद्यापर्यंत राग जाईल. रात्री काकूच परत विचारायला आल्या, तोवर शेवटची बस गेली होती.” त्यांनी हातातला खडूचा तुकडा उगाच टेबलावर उभा करून ठेवला. “सकाळी पोचलो तर अंगणात माणसं बसलेली. सगळे गंभीर. एकही हसत नव्हता.”

मी आयुष्यभर बेरजा केल्या. एका शब्दाचा एकच अर्थ येत असल्यामुळे एखाद्या पोरीची बापाशी शेवटची भेट हुकते, हे माझ्या कुठल्या सूत्रात बसत नव्हतं. बाईंना इतकी वर्षं मी ‘म्हणजे’ म्हणायला सांगत होतो. मला त्या वेळी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडलो नाही, चहा मागवला.

शनिवारी सभेला हॉल भरला होता. मुलांची बाकं कमरेएवढी, त्यात पालक कसेबसे मावून बसलेले. बाई आमच्याबरोबर भिंतीकडेच्या खुर्च्यांत. हेडसरांनी आधी पिण्याच्या पाण्याची टाकी, मग गणवेश, मग स्वच्छता असं करत करत सातवी गाठली. “पुढच्या महिन्यापासून सातवीचं इंग्रजी नव्या मॅडम घेतील. आत्ताच्या बाईंवर ऑफिसची महत्त्वाची जबाबदारी सोपवत आहोत. कुणाला काही बोलायचंय?” हे शेवटचं ते नेहमी विचारतात, आणि कुणी कधी बोलत नाही.

मी उठणार होतो. खरंच उठणार होतो, गुडघे सरळ करायला जेवढा वेळ लागतो तेवढाच उशीर. तेवढ्यात मागच्या रांगेत शिवणवाल्या ताई उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांच्या पायात चपला होत्या आणि टेपही नव्हती, त्यामुळे त्यांना ओळखायला हेडसरांना जरा वेळ लागला. दोन्ही हातांनी समोरचं बाक धरून त्या म्हणाल्या, “मला भाषण येत नाही. एकच सांगते. आमच्या बाई सिरियस आहेत.”

“अरे देवा,” कुणीतरी म्हणालं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी हळहळून मान हलवली. “कुठल्या दवाखान्यात ठेवलंय?” असं एकाने कळवळून विचारलं, आणि त्याच्या शेजारच्याने बाईंकडे बोट दाखवून त्याला ढोसलं, “अरे, त्या काय बसल्यात!” तेव्हा सगळ्या माना बाईंकडे वळल्या. बाई खुर्चीत ठणठणीत बसलेल्या होत्या.

“अहो तो नव्हे!” ताई आता जोरात म्हणाल्या. “दवाखान्यातला नव्हे हो. दुसरा. वर्गातला. मी स्वतः बसून ऐकलाय मागच्या बाकावर. माझा जीव गेला होता त्या शब्दाने, बाईंनी परत आणला. माझ्या पोरीचं त्या मनापासून करतात. सर, आमच्या बाईंना हलक्यात घेऊ नका. एवढंच.” आणि खाली बसल्या.

आधी चिमणीने टाळ्या वाजवल्या, कारण तिला वाटलं आईचं भाषण पाठ झालं. मग हॉलभर हशा आणि टाळ्या एकदम झाल्या आणि ते आजोबा हळहळणं विसरून सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. हेडसरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. निरोप कुणाचा होता हे त्यांना आठवलं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले होते. मग स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले, “ती माझी चूक होती, ताई. निरोप मीच दिला होता.” आणि हातातल्या कागदाची घडी घालून, “सातवीचं मग... आहे तसंच राहू दे.” माणूस वाईट नाही, हे मी आधीच म्हटलं होतं.

सभा संपली. बाईंना मी फाटकापर्यंत सोडायला गेलो. त्या हसत होत्या, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सायकलवाली पोरं वळून बघत होती, पण त्यांना त्याचं काही नव्हतं.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं हा शब्द मला एकाच ठिकाणी भेटत होता. शेजारच्या काकूंबरोबर, मावशीच्या दारात.”

“आणि आज?” मी विचारलं.

“आज सभेत भेटला. माझ्या बाजूने उभा होता.” त्यांना पुन्हा हसू फुटलं. “‘कुठल्या दवाखान्यात ठेवलंय?’ अहो, बाबांनी हे ऐकलं असतं ना, तर हसून हसून खुर्चीवरून पडले असते.”

मग त्यांनी माझ्याकडे रुमाल मागितला. माझा खडूने भरलेला होता, तरी घेतला.